जर्मनचा निकाल

काहीही विचारा, सर आधी हवेत बोटाने एक तारा काढत.

"हेडमास्तर आलेत का?"

"सायकल दिसली. हेडमास्तर," बोट हवेत, "तारांकित."

गोंदियाच्या आमच्या शाळेत ते संस्कृत शिकवत. मी नुकताच बी.ए. होऊन तिथे लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिलाच. सरांनी मला आपल्या खोलीत जागा दिली, आणि सोबत एक फार जुनं जर्मन विशेषणही. अर्थ 'नवा'. ते कोणी कधी लिहून ठेवलेलं नाही. लेकी-नातींच्या तोंडवळ्यावरून आजीचा चेहरा ठरवावा, तसं सरांनी ते नंतरच्या भाषांतल्या शब्दांवरून ठरवलं होतं: 'निव्यझ'. आपल्या 'नव्य'चं लांबचं भावंड. न सापडलेल्या रूपापुढे तारा लावायचा, असा शब्दांची मुळं शोधणाऱ्या त्या शास्त्राचा नियम. विशेषणाच्या रूपावल्या दोन: कुठल्याशा नव्या बैलाला एक, ओळखीच्या नव्या बैलाला दुसरी. मी दोन्ही पाठ केल्या. सरांचे उपकारच तेवढे होते.

शाळेत पाणी भरणाऱ्या बाईचा नवरा लढाईवर गेला होता. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, त्याची खबर नाही. एकदा तिचा दीर कामठ्याहून आला आणि तिला घेऊन सरांपुढे उभा राहिला.

"मास्तर, तुमी शिकलेले. सांगून द्या इले, भाऊ मेला. बांगड्या फोडत नाही, दिवस करू देत नाही. लोक हासून राहिले आमाले."

सरांनी तारा काढला. "मेला, हे तारांकित. जिवंत आहे, हेही तारांकित. पुरावा मिळेपर्यंत हात लावायचा नाही."

"कोन म्हनते असं?"

"जर्मन," सर म्हणाले.

दीर परत गेला. कामठ्यात बातमी पोचली ती अशी की, मास्तरांनी जर्मनला विचारलं आणि जर्मन म्हणाला, माणूस जिवंत आहे. लढाईत जर्मनच समोर होता; त्याला नाही ठाऊक तर कोणाला? दिवसांचा बेत मोडला.

सरांचं जेवण उडालं. त्यांच्या शास्त्राचा पहिल्यांदाच कोणाला उपयोग झाला होता. "ती आता वाट पाहत बसेल हो," ते म्हणाले, आणि मला घेऊन शाळेच्या विहिरीवर गेले.

"बाई, जर्मन काही बोलला नाही. मला काहीच ठाऊक नाही."

ती दोर ओढत राहिली. "मले ठावं आहे, गुरुजी. देराले नोका सांगू."

सरांनी देराला कधीच सांगितलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी सर वारले. त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, ती मला कासारापुढे बसलेली दिसली. दोन्ही हात पुढे केलेले.

"घट्ट भर गा," ती त्याला दटावत होती. "ढिल्या निघून राहतात."