भागीरथीबाईंचे नर डास

भागीरथीबाई डास पकडतात. मारत नाहीत. काचेच्या नळीचं एक टोक ओठांत धरून अलगद श्वास ओढतात, की डास जिवंत आत. मध्ये जाळी असते, तो पोटात जात नाही, हे कुंभकोणमातल्या बायकांना समजावता समजावता पंचवीस वर्षं गेली. विषाणूंवर काम करणाऱ्या केंद्रात त्यांची जागा सर्वांत खालची. पण पायांवरचे पांढरे पट्टे पाहून "हा डेंगीचा" म्हणायला त्यांना भिंग लागत नाही.

भजनमठाच्या गल्लीत अकरा मराठी घरं, पिढ्यान्पिढ्या इथलीच. इकडचा मोठा पाऊस दिवाळीत; सलग तीन वर्षं त्या पावसात तिथे डेंगी यायचा. मागच्या वर्षी तीन मुलं इस्पितळात होती. टाक्या, कुंड्या, टायर, सगळं कोरडं. अळी एकही नाही.

केंद्राच्या डॉक्टर शरण्या तमिळमध्ये म्हणाल्या, "अम्मा, शुक्रवारी ही गल्ली बंद करू, तपास पुरे झाला. ताप बाहेरून येतो, असं अहवालात लिहिते. दिवाळीला चेन्नईचे पाहुणे येतात ना?"

"पाहुणे पोंगललाही येतात. तेव्हा ताप का नाही येत?"

"मग दाखवा डास कुठे वाढतो ते."

"दाखवते. नाही दाखवलं, तर माझ्या सहीनेच बंद करा."

बोलून तर बसल्या! घरी येऊन तीन वर्षांची कार्डं जमिनीवर पसरली. टाकी: पाहिली. अंगण: पाहिलं. आणि अकराही घरांपुढे, त्यांच्याच अक्षरात: 'सोवळ्याची खोली: गेले नाही.'

भागीरथीबाईंनी कपाळावर हात मारला. त्या स्वतः याच गल्लीतल्या. देवाच्या खोलीत तांब्याचा हंडा असतो आणि त्यातलं पाणी कधी मोडत नाहीत, हंडा रिता करत नाहीत, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. एकादशीला जुन्या पाण्यावरच नवं कावेरीचं पाणी घालायचं, विरजण लावतात तसं. केंद्रात दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं. त्यांना होतं, म्हणूनच दिसलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन, ओलेत्या नऊवारीत त्या जयलक्ष्मीमामींच्या दारात उभ्या राहिल्या. मामी ऐंशीच्या. गल्लीचं सोवळं त्यांच्या शब्दावर चालायचं.

"कोठे निघालीस गे?"

"हंडा पाहायचाय, मामी."

"दिवसभर डासांना तोंड लावतेस, तुजला सोवळं कसलं?"

"नळी घरी ठेवलीय. पितळी पळी आणलीय. अंग ओलं आहे, पाहा."

"आणि हंड्यात काही नसलं तर?"

"तर जन्मात तुमच्या उंबऱ्याशी येणार नाही."

"हे बरं होईल," असं म्हणून मामी बाजूला सरकल्या.

झाकण तिरकं बसलेलं. बॅटरीच्या उजेडात अळ्या वळवळत खाली पळाल्या. काठाशी, पाण्याच्या रेषेजवळ, काळी मोहरी सांडावी तशी अंडी चिकटलेली. मामी वाकल्या.

"उन्हाळ्यात हंडा अर्धाच असतो?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"पाणी कोठे असतं तेव्हा? पावसातच काठोकाठ."

म्हणजे वरची अंडी वर्षभर कोरडी थांबत आणि पाऊस येताच भिजून फुटत! दुपारपर्यंत अकरा हंडे तपासले. नवांत अळ्या.

शरण्या खूश झाल्या, पण म्हणाल्या, "डास मिळाला. विषाणू त्याच्यात इथलाच, की पाहुण्याला चावून घेतलेला?"

"चावलाच नसेल असा डास दिला तर?"

अळ्या जाळी लावलेल्या पेल्यांत वाढवल्या. पंख फुटले तसे भागीरथीबाईंनी पिसासारख्या मिशांचे नर एकेक करून वेगळे काढले. दोनशे दहा! नर रक्त पीत नाही, कोणाला चावतच नाही. नळ्या बर्फात घालून चेन्नईच्या प्रयोगशाळेत गेल्या.

सोळाव्या दिवशी फोन आला. शरण्या ओरडतच होत्या, "अम्मा! नरांत डेंगी! चावला नाही, तर त्याला मिळाला कुठून?"

"आईकडून," भागीरथीबाई म्हणाल्या. "अंड्यातूनच."

विषाणू वर्षभर त्या काठावर झोपून राहत होता. अहवालातलं 'बाहेरून' खोडलं गेलं.

त्या संध्याकाळी भजनमठात बायका जमल्या. भागीरथीबाईंनी सगळं सांगितलं. सगळ्यांचा एकच प्रश्न. पाणी मोडायचं कसं?

मामी काठी टेकत उठल्या. "विठ्ठलाला अळ्यांचं पाणी घालत होते मी! काय बघता गे? कावेरी आटली काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा हंडे रस्त्यावर आडवे. काथ्या, चिंच, राख. आतून, काठापर्यंत, खसाखसा. पाणी गटाराच्या तोंडाशी धावत होतं आणि मामी ओरडत होत्या, "वरची कड घास! वरची!" तेव्हापासून दर एकादशीला आधी हंडा घासतात, मग पाणी भरतात.

यंदाची दिवाळी गेली. पाऊस धो धो झाला. गल्लीत एकही ताप नाही.

"एका वर्षाने काही सिद्ध होत नाही हं, अम्मा," शरण्या म्हणाल्या. छापून आलेला शोधनिबंध त्यांनी पुढे केला. लेखकांच्या नावांत दुसरं नाव भागीरथीबाईंचं होतं.

भागीरथीबाईंनी ते दोनदा वाचलं. मग पदर खोचला.

"मग पुढल्या दिवाळीला या. त्याच्या पुढल्याही. गल्ली उघडीच ठेवलीय."