आंब्याच्या खोडावरचं दगडफूल

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. अंबडच्या कारखान्यांपासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर. बायकोला दमा होता. थंडीत छाती भरून आली की ती म्हणायची, "दिंडोरीकडे एखादं लहान घर बघू या ना. तिथली हवा तरी बरी असेल." मी म्हणायचो, "रिटायर झालो की जाऊ." रिटायर व्हायला आठ महिने उरले असताना ती गेली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी झाडं बघत फिरायला लागलो. मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे लायकेन. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात. लागतं ते सगळं हवेतून आणि पावसातून घेतं, म्हणून हवा बिघडली की आधी तेच मरतं. पानांसारखं पसरणारं लवकर जातं, खपलीसारखं चिकटलेलं जरा तग धरतं. वर्गात हे कित्येक वर्षं सांगितलं होतं. बाहेर जाऊन कधी पाहिलं नव्हतं.

खोडाला लावून दगडफुलाने भरलेले चौकोन मोजता यावेत असा चौकोन आखलेला पारदर्शक कागद आणि भिंग घेऊन मी अंबडपासून सुरुवात केली. एका कारखान्याच्या गेटजवळच्या आंब्याला कागद लावून उभा होतो, तर वॉचमन आला.

"काका, काय शोधताय?"

"दगडफूल."

"ते किराणा दुकानात मिळतं की!"

तो हसला, मीही हसलो. त्या दिवशी माझं कोणाशी झालेलं तेवढंच बोलणं. खोडावर दोन-तीन राखाडी खपल्या होत्या, बाकी काळी धूळ.

खरं तर मला दिंडोरी बघायची होती. तिथली खोडं भरलेली असतील आणि आपली चूक केवढी होती ते एकदाचं डोळ्यांनी दिसेल, असं मनात होतं.

बसने गेलो. द्राक्षबागेच्या बांधावर जुने आंबे होते. पहिलं खोड उघडं. दुसरं, तिसरंही. बागेतल्या घरापाशी पाणी मागायला थांबलो. माझ्याच वयाच्या एक बाई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी कशासाठी आलोय ते सांगितलं.

"त्यावर काय उगवणार, भाऊ? छाटणी झाली की फवारणी चालू. गंधक, मोरचूद, लय मारावं लागतं. आम्हीच दारं लावून बसतो."

"त्रास होतो?"

"खोकला हाय ना. जाणार कुठं?" मग त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण हाय तुमच्या?"

"मी एकटाच."

शेंगा बाजूला ठेवून त्या चहा करायला आत गेल्या.

परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटायला हवं होतं. इथे आलो असतो तरी हवा काही स्वच्छ मिळाली नसती. पण हलकं वाटलं नाही. साधं घर बघायलासुद्धा मी तिला कधी दिंडोरीला नेलं नव्हतं. हवा राहू दे, तिला कदाचित माझ्याबरोबर कुठेतरी जायचं होतं. मी विचारलंच नाही.

पुढच्या रविवारी पेठ तालुक्याच्या बाजूला गेलो. डोंगरउतारावरच्या एका आंब्याला राखाडी-हिरवी झालर होती, खोडभर. भिंग टेकवलं आणि मी मोठ्याने म्हणालो, "अगं, हे बघ!"

जवळ चरणारी शेळी दचकून बाजूला झाली. मी कागद खोडाला लावला आणि चौकोन मोजायला घेतले.