आमुन-राच्या डोक्यावरचा सूर्य

टोरांटोच्या विमानतळावर माझ्या बॅगेतले सुके बोंबील उघडले गेले आणि तिथेच माझं डोकं फिरलं. अधिकाऱ्याने वास घेतला, घाईघाईने पिशवी बांधली आणि मला हातानेच 'जा' म्हणून सांगितलं. बाहेर ऐन एप्रिलात बर्फ!

"बाय, सकाळीच ड्राइव्हवे शोव्हल केला होता (दारापुढचा बर्फ फावड्याने उपसला होता)," थोरल्या बहिणीला बाय म्हणणारा माझा धाकटा भाऊ थोमस म्हणाला. "परत पडला बघ."

त्याचं घर टोरांटोलगतच्या वॉनला. जिकडे बघावं तिकडे गोदामं. माझी व्यवस्था बेसमेंटमध्ये (तळघरात) होती. वसईहून एवढं उडत येऊन शेवटी जमिनीखाली!

थोमसची मुलगी एलिना अकरा वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. शाळेने तिला लंडनच्या प्रकल्प-स्पर्धेसाठी निवडलं होतं. लंडन म्हणजे ओंटारिओतलं. इथे नावंसुद्धा उसनी. तिचा विषय होता प्राचीन इजिप्तचे एकमेकांत मिसळलेले सूर्यदेव. दोन महिने खपून तिने तक्ता रंगवला होता. सकाळचा खेप्री, दुपारचा रा, संध्याकाळचा आतुम. मधोमध उंच पिसांच्या मुकुटाचा आमुन आणि त्या मुकुटावर सोनेरी कागदाचा सूर्य, म्हणजे रा. खाली एकच नाव: आमुन-रा.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी ती शाळेत असताना मी तक्ता पाहिला. दोन देव एकाच चौकटीत! तीस वर्षं शिक्षिका म्हणून वह्या तपासलेला माझा हात थांबतो थोडाच? कात्रीने सूर्य कापला, शेजारी पट्टीने नवी चौकट आखली, त्यात तो चिकटवला आणि खाली सुवाच्य अक्षरात 'रा' लिहिलं.

"आत्या, यू कट हिज सन ऑफ!" एलिना घरात येताच किंचाळली. "दे आर मर्ज्ड! दॅट्स द होल प्रोजेक्ट!"

"अगं, दोन ते दोनच ना!" मी म्हणाले. ती रडायला लागली. सोनेरी कागद संपला होता. तिने नखाने सूर्य सोडवून परत मुकुटावर चिकटवला, पण त्याची कड फाटली.

सकाळी गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. वाटेत थोमसने डोनट घेतले, तिने हात लावला नाही. मग अचानक म्हणाली, "आत्या, यू टीच इट इन चर्च, राइट? थ्री पर्सन्स, वन गॉड?"

"ते वेगळं!"

"हाऊ?"

थोमस आरशात बघून हसला. मला असा राग आला! वसईच्या चर्चमध्ये दर रविवारी मी मुलांना पवित्र त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा धडा शिकवते. कुणीतरी विचारतंच, "टीचर, तीन की एक?" माझं उत्तर ठरलेलं: "पाठ कर आणि खाली बस." गाडीत ते कुणाला सांगणार? ती बसलेलीच होती.

सभागृहात तक्ता उभा करताच सूर्य गळून पडला. एलिनाचा चेहरा पाहून मी पर्स उघडली. आत जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. ती पुढे केली. तिने माझ्याकडे न बघता सूर्य लावला, तिरका.

परीक्षक बाईंनी विचारलं, हा देव एक की दोन?

"बोथ," एलिना म्हणाली. "आमुन इज स्टिल आमुन, रा इज स्टिल रा, अँड टुगेदर दे आर वन. आय डोन्ट फुली गेट इट आयदर."

बाईंनी चिकटपट्टीकडे बोट दाखवलं.

"माय आत्या कट देम अपार्ट. देन शी हेल्प्ड मी फिक्स इट."

बक्षीस मिळालं नाही. परतताना मी म्हणाले, "चुकलं माझं."

"ठीक आहे, आत्या," ती चक्क मराठीत म्हणाली. "पण कात्री नाय घ्यायची."

वसईला परतल्यावर पहिल्याच रविवारी एका मुलीने हात वर केला. "टीचर, तीन की एक?"

'खाली बस' अगदी ओठांवर आलं होतं.

"मलाही पुरतं कळलेलं नाही," मी म्हणाले.

एकदम सात-आठ हात वर आले. झाली का पंचाईत!