पलीकडच्या आईसाठी

शकीलाभाभींचा फोन आला तेव्हा मी वारज्याच्या घरी सकाळचा चहा घेत होतो. त्या विश्रांतवाडीला माझ्या आत्याच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. एरवी फोन केला की आधी घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात. त्या दिवशी चौकशी नव्हती. "प्रकाशभाऊ, लीलाताई उठत नाहीत हो..." एवढंच म्हणाल्या. मी पोचेपर्यंत त्यांनी आत्याचे केस विंचरून तिच्या अंगावर धुतलेली चादर घातली होती. पंच्याहत्तरी ओलांडलेली लीलाआत्या झोपेतच गेली. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

आत्या सैन्यातली नर्स. तिनं लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर विश्रांतवाडीत दोन खोल्या घेतल्या आणि आमच्या सगळ्या भाचरांची आई झाली. जेवणाआधीची तिची उपकारस्तुती हा आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. आम्ही तीन वाक्यांत आमेनपर्यंत पोचायचो. ती मात्र ज्वारी पिकवणाऱ्यापासून सुरू करायची, मग दळण दळणारा, गॅसचं सिलिंडर जिन्यानं वर आणणारा, भाजी निवडायला मदत करणाऱ्या शकीलाभाभी... तोवर आमटी गार. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्या, देवाला हे सगळं माहीत आहे गं." डोळे न उघडताच ती म्हणाली, "त्याला आहे रे. तुला कुठं माहीत आहे?"

मागच्या वर्षी सरहद्दीवर धुमश्चक्री सुरू झाली तेव्हा माझा जावई अमोल तिथंच होता. चार दिवस त्याचा फोन नाही. रीना, माझी मुलगी, मोबाइल हातात धरूनच बसलेली असायची. त्या रविवारी चर्चमध्ये उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं, ज्याला प्रार्थना करावीशी वाटते त्यानं करावी. आत्या उभी राहिली. "प्रभू, आमच्या अमोलला सांभाळ. त्याच्या सोबत्यांना सांभाळ." मी हुंदका आवरत होतो. मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि पलीकडं ज्या आया मुलांची वाट बघत बसल्यात, त्यांनाही धीर दे. तीही तुझीच लेकरं." बाकांवर चुळबुळ झाली. माझे डोळे खाडकन उघडले.

बाहेर आवारात मी तिला गाठलं. "आत्या, वसंतकाका कुणाच्या गोळीनं गेला, विसरलीस? तुझा सख्खा भाऊ होता ना तो? आज माझा जावई तिथं उभा आहे आणि तू त्यांच्यासाठी मागतेस! लाज कशी वाटत नाही तुला?" वसंतकाका एकाहत्तरच्या लढाईत गेला होता, बावीस वर्षांचा. माणसं थांबून बघत होती. आत्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, रिक्षाला हात केला आणि गेली. पुढं लढाई थांबली, अमोलचा फोन आला, पेढे वाटले. पेढ्यांचा डबा मी विश्रांतवाडीला धाडला... स्वतः गेलो नाही.

दोन महिने असेच गेले. शेवटी रीनाच चिडली. "पप्पा, ते चार दिवस आत्याआजी मला रोज सकाळी फोन करायची. तुम्ही तिला नको ते बोललात त्यानंतरसुद्धा!" त्याच दुपारी मी गेलो. आत्यानं दार उघडलं, "ये, चहा टाकते," म्हणाली, जणू मी कालच येऊन गेलो होतो. मी म्हटलं, "चुकलो मी." ती समोर बसली आणि त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच सांगितलं.

वसंत गेल्याची तार आली तेव्हा ती उत्तरेतल्या एका लष्करी रुग्णालयात होती. वॉर्डात पलीकडचा एक जखमी कैदी होता, दोन्ही हात बँडेजमध्ये. तिनं दुसरा वॉर्ड मागितला, मिळाला नाही. "खरं सांगू प्रकाश? तो मरावा असं वाटत होतं मला. देवाला तसं सांगितलंही." दुसऱ्या दिवशी त्याला पाणी पाजायची वेळ आली. तिनं कप तोंडाशी नेला, तर त्यानं ओठ मिटून घेतले. तिला वाटलं, मस्ती. मग तो हळूच म्हणाला, "बहन, पहले आप पीजिए. कल से आप ने कुछ खाया-पिया नहीं." तो पडल्या पडल्या तिलाच बघत होता. तिनं विचारलं नसताना म्हणाला, "मेरी अम्मी भी ऐसे ही रोती है, बिना आवाज़ के." आत्या स्टुलावर बसली आणि पाणी प्यायली. "तार आल्यापासूनचा पहिला घोट, आणि तो त्यानं पाजला. तेव्हापासून एकही दिवस त्याच्या आईला विसरले नाही मी."

चहा उकळून आटून गेला होता. तिनं दुसरा टाकला.

मागच्या आठवड्यात अमोल रजेवर आला आणि म्हणाला, मला आत्याआजींच्या घरी घेऊन चला. तिथं मी त्याला हे सगळं सांगितलं. तो तिच्या पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "नाव काय होतं त्याचं?"

"मीही विचारलं होतं. तिनं नाव विचारलंच नव्हतं. म्हणाली, बरंच झालं, नाही तर एकाच आईसाठी मागत बसले असते."

अमोलनं मान वळवली. सैन्यातला माणूस डोळे पुसत असताना आपण बघू नये, म्हणून मी खिडकीशी गेलो.

घर अजून रिकामं केलेलं नाही. रविवारी उपासनेनंतर मी तिकडं जातो, खिडक्या उघडतो आणि तिच्या पलंगाशी गुडघे टेकतो. आधी अमोलचं नाव घेतो. त्यापुढचं, पलीकडच्या आयांसाठीचं वाक्य पहिल्या रविवारी न म्हणताच उठलो होतो... आता म्हणता येतं. हळू म्हणतो, पण पुरतं म्हणतो.