त्या बुधवारचा उपवास

"अगोदर जेवा, मंग रगत काढा. सुई काय पळून राह्यली का?" असं म्हणत मावशी माझ्या हातातली नळ्यांची पेटी काढून घ्यायच्या आणि ताट पुढे सरकवायच्या.

मंठ्याजवळच्या त्या गावात आम्ही पांढऱ्या काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या, संशोधनासाठी रक्त तपासत होतो. मी पथकाचा प्रमुख. मावशी अंगणवाडीत मदतनीस. पोरांची खिचडी त्यांच्याच हातची. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल, दटावत दटावत दोन घास जास्त वाढणारी. रक्त द्यायला कचरणाऱ्या गड्याला त्या म्हणत, "मिशा येवढ्या, आन् सुईला भितो? मंग बायकोला पाठव!"

पुढे त्यांच्याच रक्तात आजार निघाला. मी एकांतात सांगितलं. ही गोष्ट बाहेर जाणार नाही म्हणालो. मावशींनीच ते नाकारलं.

"मी लपवलं तर गाव बी लपवील. पोटुशा पोरी तपासायच्या राहतील. लेकरांनी काय केलं?"

त्या बुधवारी गावाच्या बैठकीत त्यांनी स्वतःच उभं राहून सांगून टाकलं. कुजबुज उठली. मी समजावलं: हा आजार रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला जातो, जन्मताच लस दिली तर बाळ वाचतं. हातचं खाल्ल्याने काही होत नाही. लोक ऐकत होते. मावशींना हुरूप आला. त्यांनी नेहमीसारखं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. भाकरी, पिठलं, ठेचा.

माझा हात पुढे गेला नाही. मी स्वतः लस घेतलेली होती, तरीही. तोंडातून निघालं, "आज उपवास आहे."

"बुधवारचा?" मावशींनी विचारलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "सायेबच खाईना, मंग आपण काहून खायचं?"

पोरांच्या आयांनी मावशींच्या हातची खिचडी बंद केली. अंगणवाडीत त्यांच्या हाती नुसता झाडू आला. घरातही त्यांचा तांब्या वेगळा झाला. पोटुशा बायका तपासणीला येईनाशा झाल्या. रक्तात आजार निघालाच, तर आपलंही ताट वेगळं होईल, ही धास्ती. अहवालात कारण लिहिलं, 'लोकांमधील गैरसमज'. ते वाक्य माझं. आज दुरुस्त करतो: माझा उपवास नव्हता.

मावशींनी मला कधी बोल लावला नाही. पुढे गावात गेलो की लांबूनच विचारायच्या, "सुनेच्या बाळंतपणाला लस भेटंल ना, सायेब?" जेवायचं मात्र विचारत नसत.

निवृत्तीनंतर, यंदा, पुन्हा गेलो. मावशी वारल्या होत्या. सून दारात आली.

"आत्याबाई सांगून गेल्त्या," ती म्हणाली, "सायेब आले तर जेवू घाला. पर वाढायच्या आधी इचारा, उपास हाय का म्हणून."

"नाही," मी म्हणालो.

भाकरी गरम होती. मी जेवताना बघायला गाव नव्हतं, आणि मावशीही नव्हत्या.