मोगराचा मागचा पाय

ठाण्यात बाळकुमला आमच्या शेजारी शिवराम नालबंद राहतात. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतून नवरदेव मिरवणाऱ्या घोड्यांना नाल ठोकायचं काम त्यांच्याकडे असतं. रवींद्रची पांढरी घोडी मोगरा मागचा पाय त्यांच्याशिवाय कुणालाच देत नसे. हे ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगत.

यंदा ऐन लग्नसराईत ते तापाने पडले आणि रवींद्रने कल्याणच्या तरण्या सुशांतला बोलावलं. मोगरा त्याच्यापुढे शांत उभी राहिली म्हणे.

"मागचासुद्धा दिला?" शिवराम पुन्हा पुन्हा विचारत राहिले. ताट तसंच राहिलं.

त्यांच्या पत्नी शालनवहिनी म्हणाल्या, "अहो, सवत आल्यासारखं काय करताय? घोडी आहे ती!"

ताप उतरताच ते रवींद्रच्या तबेल्यात गेले. चूक सापडावी म्हणून त्यांनी मागच्या पायाला सुशांतने ठोकलेला नाल चाचपला. खुराच्या मापात बसलेला, खिळ्यांची टोकं एका ओळीत वळवलेली. तरी म्हणाले, "टाच मोकळी राहिलीय. पुन्हा ठोकतो."

"काका, मस्त चालतेय ती. संध्याकाळी वरात आहे, राहू दे ना," रवींद्र म्हणाला.

"तू वरात बघ. खूर मी बघतो."

खिळा खुराच्या कठीण कडेतूनच जावा लागतो. आत जिवंत भाग असतो. कडेतून जाताना हातोडीखाली टणक आवाज येतो, आत वळला की बोदा. शेवटच्या खिळ्याला आवाज बोदा आला. तो ऐकू आला होता, हे शिवरामांनीच मला सांगितलं. पण रवींद्र बघत होता. त्याच्यादेखत खिळा उपटायचा कसा? त्यांनी तो पुरता ठोकला.

दुपारी मोगरा लंगडायला लागली. खिळा काढायला शिवराम वाकले, तर सांडशी लागताच तिने लाथ झाडली. वरातीला दुसरी घोडी गेली आणि रवींद्रने पुन्हा सुशांतला फोन केला.

सुशांतने खूर पाहिला, पण एक शब्द बोलला नाही. शिवरामांना तेच जास्त लागलं.

"दुखतंय तिला. काका, पाय धरता?"

पाय धरणं हे हाताखालच्या माणसाचं काम. शिवरामांनी पाय मांडीवर घेतला. "दे गं बाई," ते पुटपुटले. ती थरथरली, मग सगळा भार त्यांच्यावर टाकून उभी राहिली. खिळा निघाला.

"त्या दिवशी कुणी धरला होता?" शिवरामांनी विचारलं.

"कुणीच नाही. दिला तिने."

सुशांतने हत्यारं पिशवीत भरली. "काका, सोडा आता."

"सोडतो रे," शिवराम म्हणाले, आणि पाय तसाच धरून उभे राहिले.