न मारणारी शाळा

माझ्या चार वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. त्याच्यासाठी विशेष मुलांची शाळा बघायला मी मंचरला गेले होते. पायरीवर एक बाई जुन्या लुगड्याच्या पट्ट्या शिवत बसली होती. मुलीच्या शाळेसाठी डोंगरातल्या आहुप्याहून येऊन ती इथं खोली घेऊन राहिली होती. पट्टी शिवून झाली की ती स्वतःच्या गालावरून फिरवून बघायची.

"शाळा कशी आहे हो?" मी विचारलं.

"लई चांगली हाय, ताई. हितं मारत न्हाईत. आदीच्या शाळंत मारायचे."

मी वर्गात डोकावले. भिंतीवर रंगीत फुलपाखरं होती आणि त्याखाली मुलं तसल्याच पट्ट्यांनी खुर्च्यांना बांधलेली होती. शिक्षिका हसून म्हणाल्या, "आता अजिबात त्रास देत नाहीत."

मी ओरडलेच, "आधी सोडा त्यांना!"

त्यांनी गडबडीनं गाठी सोडल्या. पण एकही मूल उठलं नाही. सगळी तशीच बसून राहिली.

माझा आवाज ऐकून ती बाई आत येऊन आपल्या मुलीच्या खुर्चीजवळ उभी राहिली होती. "पट्टी सुती हाय ओ ताई, वळ उठत न्हाईत," ती घाबरून म्हणाली.

"अहो, मुलांना बांधायचंच नसतं!"

"मग न बांधनारी शाळा कुठंय? सांगा, उद्याच नेते हिला."

जुन्नरपासून मंचरपर्यंत मीही तीच शाळा शोधत फिरत होते.